तीस सेकंदांची धून

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धक विचारात पडला की वाजणारी ती तीस सेकंदांची धून व्हर्ना टिलमननं तरुणपणी बांधली होती. आता व्हर्ना एकोणऐंशी वर्षांची होती. गावातल्या शाळेच्या नळाला महिनाभर तांबडं पाणी येत होतं आणि महापौर मूग गिळून बसले होते. शेवटी शाळेतल्या चार मुलींनी त्याच धुनेवर ‘साहेब, उत्तर सुचतंय का?’ असं विडंबन रचलं आणि थेट महापौरांच्या दारात गायलं. तो व्हिडिओ अख्ख्या ओहायो राज्यात फिरला.

दुसऱ्याच दिवशी महापौरांचा वकील कॉपीराइटच्या तक्रारीचा कागद घेऊन व्हर्नाकडे आला.

"मॅडम, तुमच्या धुनेची पोरींनी पार थट्टा केलीय. इथे फक्त सही करा. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ बंद करतो."

व्हर्नानं चष्मा लावून फोनवर तो व्हिडिओ दोनदा पाहिला.

"दुसऱ्या ओळीत सूर घसरतोय पोरींचा," ती म्हणाली. "हे काही मी चालू देणार नाही."

वकिलानं खुशीत पेन पुढे केलं.

 

शनिवारी महापौरांच्या दारात मुली पुन्हा गायल्या. सूर अगदी चोख लागला होता, कारण कीबोर्डवर स्वतः व्हर्ना बसली होती.