नऊ सेकंद

“मूळ फाईल आज पुसावी लागणार, अण्णा. डिस्क भरलीय,” भैरवी म्हणाली. स्टुडिओ तिचाच होता. “वेव्ह फाईल फार जड असते. तुमच्या फोनसाठी एमपीथ्री करून देते. लहान होते.”

आण्णाप्पा काचेजवळच्या खुर्चीत बसला होता. सहा वर्षांपूर्वीही तो याच खुर्चीत बसला होता. तेव्हा काचेपलीकडच्या बंद खोलीत त्याची बायको शालूबाई माइकसमोर पाळणे म्हणत होती. तिला जाऊन आता पाच महिने झाले होते. तिचा आवाज घरात कशातच नव्हता. म्हणून शहापुरातला विणकामाचा माग बंद ठेवून तो आला होता.

“लहान म्हंजे? काय टाकून देतीस त्यातलं?”

“कानाला ऐकू येत नाही तेवढंच.”

“तिला तर मी न बोललेलंबी ऐकाय यायचं बघ.”

भैरवी हसली. तिने फाईल लावली.

“अवो,” शालूबाई म्हणाली, “कानाला हे डबडं लावून बरी दिसती का मी?”

मग काहीच नाही. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. ती सपाटच पुढे सरकत राहिली. मग शालूबाई खुदकन हसली आणि पाळणा सुरू झाला.

आण्णाप्पाने चष्मा काढून हातात धरला. पाळणा संपला. मग भैरवीने माउसने तो सपाट तुकडा निवडला.

“ही नऊ सेकंदं रिकामी आहेत. कापते.”

“कापल्यावर परत मिळतील?”

“मूळच पुसल्यावर कुठून मिळणार?”

“मग ऱ्हाऊ दे.”

“अहो, त्यात काहीच नाही अण्णा. मी आवाज पूर्ण वाढवून बघितला. श्वाससुद्धा नाही.”

आण्णाप्पा उठला. काचेपलीकडे माइक एकटाच उभा होता. त्याने काचेवर हात ठेवला.

“त्यात मी हाय, पोरी,” तो म्हणाला. “आदी लाजलो. मग हितनं मान हलवली.”