टेरिल ओक्सची धडक

"पुन्हा लावा," वेंडेल प्रूइट म्हणाला.

सातव्यांदा पडद्यावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातली तीच धडक दिसली. कॉर्बिन हेल चेंडू झेलून वळतो. पलीकडच्या संघाचा टेरिल ओक्स आपला गडी सोडून थेट त्याच्यावर धावून येतो. मान खाली, वेग जराही कमी नाही. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. मग कॉर्बिन पडलेला, हातपाय कुणीतरी काढून बाजूला ठेवल्यासारखे.

वेंडेल स्वतः अकरा वर्षं टेरिलच्याच जागेवर खेळला होता. म्हणून तर लीगने अपिलांचा निवाडा त्याच्याकडे दिला होता. मुद्दाम मारलं असं ठरलं तर टेरिल कायमचा बाद, ही आधी दिलेली शिक्षा तशीच. चुकून लागलं असं ठरलं तर सहा सामने बाहेर, मग पुन्हा मैदानात. पोरगा सव्वीस वर्षांचा. खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. अपीलही त्याने नाही, खेळाडूंच्या संघटनेने केलं होतं.

"तू आणि कॉर्बिन कॉलेजात एका खोलीत राहायचात," वेंडेल समोर बसलेल्या टेरिलला म्हणाला.

"हो, सर."

"मग?"

"पुढे बिनसलं."

"धडकेच्या आधी तो तुला काहीतरी बोलला. तू मान हलवलीस. काय म्हणाला?"

"शिवी दिली."

"कोणती?"

"सर, बाई बसल्यात."

"माझी नको काळजी करूस!" टेबलाच्या टोकाकडून कॉर्बिनची बायको जोलीन म्हणाली. "आमच्या लग्नाला आला नाही हा. जळायचा त्याच्यावर. लेकीचं डायलिसिस बहिणीवर टाकून आलेय मी, हे सांगायला." ती टेरिलकडे वळली. "मंगळवारी त्याला संघातून काढणारच होते. सगळ्यांना माहीत होतं. दोन दिवस थांबला असतास तर धडधाकट घरी आला असता रे माझा नवरा! आता घशात नळी आहे. मानेखाली काही हलत नाही त्याचं."

मंगळवार म्हटल्यावर वेंडेलला त्याची बायको ॲग्नेस आठवली. त्याच्या काळीही माणसं मंगळवारीच काढत. निर्धास्त असायचा तो फक्त जखमी. त्याला काढता येत नाही. मोसम संपेपर्यंत पगार आणि घरच्यांचे उपचार चालू. त्यामुळे अर्धा संघ सोमवारी कण्हत असे; ढोंग उघडकीला आलं की मात्र सगळं बंद. वेंडेल घरी आला की ॲग्नेस विचारायची, "दर सोमवारीच कसं रे तुझं दुखणं निघतं?" तिला जाऊन चौदा महिने झाले होते. सोमवार अजून जाता जात नव्हता.

त्याने खुर्ची पुढे ओढली. जोलीनचं दुःख त्याला कळत होतं. पण एका घराची राख झाली म्हणून दुसरं पेटवायचं, हेही त्याला पटत नव्हतं.

"टेरिल, नीट ऐक. पाय घसरतो. नजर चेंडूवर असते, माणूस दिसत नाही. मी खेळलोय, असं होतं. तसं झालं असेल तर सांग. माझं काम सोपं होईल."

टेरिलने एकदा जोलीनकडे पाहिलं.

"पाय घसरला नाही, सर. मी त्याच्यावरच गेलो होतो."

"दुखवायला?"

"हो."

"का?"

"रागाने."

जोलीनने तोंडावर हात ठेवला. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसलेली बाई आता हुंदके देत होती. निदान तिला हवं ते मिळालं, असं वेंडेलच्या मनात आलं. त्याने कागदावर सही केली. शिक्षा कायम.

"उद्या थँक्सगिव्हिंग, घरी सगळे जेवायला जमतील," तो टेरिलला म्हणाला. "आईला काय सांगशील?"

"तुम्हाला सांगितलं तेच, सर."

सगळे गेल्यावर वेंडेलने कोट चढवला. बोळकांडीत आला तेव्हा जिन्याच्या बाजूने जोलीनचा आवाज येत होता. अजून त्या पोराला झोडपतेय, असं त्याला वाटलं. मध्ये पडावं म्हणून तो तिकडे गेला. दार अर्धवट उघडं होतं.

जोलीनने टेरिलला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. एवढा आडदांड माणूस, तिच्या खांद्यावर डोकं टेकून गदगदत होता.

"आज पहिल्यांदा बोलला तो," ती म्हणत होती. "पापण्यांनी. एकेक अक्षर दाखवत बसले होते पहाटेपासून. म्हणाला, टेरिलला सांग, तू ठरल्याप्रमाणे पाय मोडायला पायावरच आलास. ऐनवेळी मीच घाबरून वाकलो."