पडद्यावरची अंगाई

वीस वर्षं संगीत नाटकांत गाऊन माझा गळा बसला, तेव्हा मी सिनेमात आईच्या भूमिका करू लागले. माझी स्वतःची दीना भिंगारला आजीकडे वाढत होती. सेहेचाळीसच्या नाताळात, सहा वर्षांनी, तिला भेटायला गेले. आठ वर्षांची दीना दाराआडूनच म्हणाली, "ती अंगाई म्हना ना. तंबूत तुमचा सिनेमा आल्ता, तवा आजी अन् मी रोज कनातीमागं हुबं ऱ्हाऊन ऐकायचो."

"बाळ, मी नुसते ओठ हलवले होते. गाणारी बाई दुसरीच होती."

दीना दाराआडून बाहेर आली, माझ्याजवळ मांडी घालून बसली आणि माझं डोकं तिने मांडीवर ओढून घेतलं.

"मला समदी पाठ हाय. तुमी झोपा."