कारणाचा रकाना

पासवर्डच्या नोंदी तपासताना तपासनीस बाईंच्या भुवया चढल्या. वर्षभरात मोठ्या साहेबांचा पासवर्ड चाळीस वेळा बदललेला, आणि कारणाच्या रकान्यात मदतकक्षातल्या ताईंनी दर वेळी लिहिलेलं, 'माझी चूक.'

"ताई, नोकरी नकोशी झालीय का?"

बाईंनी नोंदी बारकाईने चाळल्या. प्रत्येक 'चुकी'च्या आधी साहेबांच्याच टेबलावरून तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला गेला होता.

"अहो, विसरतात ते, आणि बोल तुम्ही स्वतःला लावून घेता? मशीनने टिपलंय की सगळं!"

"टिपू दे. साहेब फक्त कारणाचा रकाना वाचतात."

तेवढ्यात साहेबच डोकावले. "काय बाई, सापडली का कुणाची चूक?"

बाईंनी ताईंकडे पाहिलं. "सापडली, साहेब. माझीच."