अर्धं कापड

लिसिला पाणी घेऊन परतली, तर सासूबाई मागावरचं तिचं अर्धवट विणलेलं कापड सुरीने कापून काढत होत्या. तिच्या हातातली घागर निसटली. बाई बाळंतपणात गेली, तरच तिचं अर्धं राहिलेलं कापड आर्टेमिस देवीला वाहतात, हे ब्राउरोनमध्ये शेंबड्या पोरींनाही ठाऊक होतं. आणि लिसिलाचे दिवस भरत आले होते.

"सासूबाई, मी अजून जिवंत आहे!"

"ऐकू येतंय. ओरडू नकोस, पोटातलं दचकेल."

सासूबाईंनी कापडाची घडी घातली, तिला हाताला धरून देवळात नेलं आणि घडी मूर्तीच्या पायाशी ठेवून मोठ्याने म्हटलं, "देवी, हे लिसिलाचं. तू घे."

"एवढी जड झाले का हो मी तुम्हाला?" लिसिला रडू लागली.

"वेडे, माझ्या लेकीच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं." सासूबाईंनी शालीच्या टोकाने तिचे डोळे पुसले. "आता देवी तुला न्यायला आलीच, तर दारातच सांगेन, हिचं कापड केव्हाच पोचलंय बाई. तुझं आमच्याकडे काही बाकी नाही."