बांबूची सर्दी

माणसाचं अवघं आयुष्य म्हणजे करता येणं, करावंसं वाटणं आणि करावं लागणं या तिघांची न मिटणारी भाऊबंदकी आहे, असा सिद्धांत बाबांनी त्या संध्याकाळी मांडला. मांडला तो मनातल्या मनात. कारण त्या वेळी ते डोक्यावरून रजई घेऊन पलंगावर पालथे पडले होते आणि त्यांनी एका हाताने स्वतःचं नाक धरलं होतं.

नाक धरण्याचं कारण भिंतीपलीकडे बसलं होतं. त्यांची मुलगी तिच्या खोलीतून ऑनलाइन चिनी शिकवायची, आणि त्या वर्गात कॅमेरा बंद ठेवून बसणारा ‘बांबू’ हा विद्यार्थी म्हणजे खुद्द बाबा होते. जी भाषा आपल्या मुलीला पळवायला निघाली आहे तिचं घरदार तरी बघून घ्यावं, म्हणून त्यांनी गुपचूप नाव घातलं होतं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ते नाकात बोलत, आणि भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून रजईत. मुलीने एकदा सगळ्यांना सांगितलं, बांबू सरांचे अनुनासिक उच्चार ऐका, शिका काहीतरी. तेव्हापासून नाक सोडायची सोयच उरली नव्हती.

आज तोंडी परीक्षा होती. बाबांनी रजई पायाने ढकलली, पुन्हा ओढली, कुशीवर वळले, उठून बसले, परत आडवे झाले. परीक्षेचं एक वेळ ठीक होतं. पण मुलीला चीनमध्ये दोन वर्षांची नोकरी चालून आली होती, उद्या होय-नाही कळवायचं होतं, आणि सकाळी चहाचा कप हातात धरून तिने विचारलं होतं, “बाबा, तू सांग. जाऊ मी?”

बाबा म्हणाले होते, “शक्यता आहे.”

त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली. पाऊस खिडकीतून टेबलावर येत असतानाही त्यांनी यापेक्षा जास्त कधी सांगितलं नव्हतं.

वर्ग सुरू झाला तशी त्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शंका काढली. एका ‘शकणे’साठी या लोकांना तीन-तीन क्रियापदं कशाला लागतात?

“समजा, एक मुलगी आहे,” मुलगी म्हणाली. बाबांना ते एकदा कानातल्या इअरफोनमधून ऐकू आलं आणि एकदा भिंतीतून. “ती चिनी शिकली, म्हणून तिला बोलता येतं. ते ‘ह्वे’. हातपाय धड आहेत, नोकरी समोर आहे, म्हणून तिला जाणं जमेल. ते ‘नंग’. आता राहिलं ‘खयी’. ते तिच्या हातात नाही. घरच्यांनी म्हणावं लागतं, जा, माझी ना नाही.”

“मग म्हणाले का घरचे?”

“शक्यता आहे.”

रजईखाली बाबांचा डावा पाय आपोआप हलू लागला.

“बांबू सर, तुमची पाळी. तिन्हींचं एकेक वाक्य.”

बाबांनी पाठ केलेली वाक्यं सिगारेट, सायकल आणि ग्रंथालय यांच्याबद्दल होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. नाक घट्ट धरून त्यांनी चिनीत सांगितलं, की मला अंडं उकडता येतं.

“बरोबर. दुसरं?”

बाबा उठून बसले. मग म्हणाले, मला एकट्याला राहणं जमेल.

“हेही बरोबर,” मुलगी जरा हळू म्हणाली. “तिसरं?”

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. या घरची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. सेल उतरल्यामुळे दुसऱ्या चिवचिवीलाच तिचा गळा बसायचा, आणि सेल बदलतो, बदलतो असं बाबा कित्येक महिने म्हणत होते. अशी अर्धमेली चिमणी जगात दुसरी असणं कठीण. ती मुलीच्या मायक्रोफोनमधून वाजली आणि त्याच क्षणी बांबूच्याही.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली आणि थांबली.

बाबांनी रजई बाजूला सारली. नाक सोडलं. आणि स्वतःच्या, हवामान खात्यात कधीही न वापरलेल्या आवाजात म्हणाले, “नी खयी छ्यू.” तू जा, माझी ना नाही.

“अरे वा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बांबू सरांची सर्दी गेली वाटतं.”

भिंतीपलीकडे कुणीतरी नाक ओढलं, आणि या वेळी ते बांबूने ओढलं नव्हतं.

“तिन्ही वाक्यं बरोबर आहेत,” मुलगी म्हणाली. “आता दार उघड, बाबा. आणि त्या बेलचे सेल तेवढे आजच्या आज बदल.”