चार हजारांचं वाय-फाय

"वाय-फाय काढा," केबलवाला म्हणाला. "चार हजार तिथेच वाचतात."

"वाय-फाय राहू दे," त्याची लेक म्हणाली.

काउंटरमागच्या बाईंनी पेन तसंच वर धरलं. पाऊण तास झाला तरी या बापलेकीची यादी जमत नव्हती. सत्तर हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर बसवायचा होता, सुटे भाग घेऊन, घरी स्वतः जोडून. एक वस्तू चढवली की दुसरी उतरवावी लागत होती.

केबलवाला म्हणजे लोकांच्या घरी इंटरनेटच्या केबल ओढून देणारा माणूस. वीस वर्षं तेच काम. कुणाचं नेट गेल्याचा फोन आला की हा भरल्या ताटावरून उठून जायचा. गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश होती. बायको नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला घराबाहेर काढलं, आरडाओरडा न करता, वकिलामार्फत, रीतसर. तेव्हापासून हा दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता आणि लेक शनिवार-रविवार त्याच्याकडे यायची. यायची म्हणजे, यायला हवी होती. गेल्या महिन्यात चारांपैकी एकच शनिवार आली. कधी क्लास, कधी मैत्रीण, कधी नुसतंच "बघते".

म्हणून हा कॉम्प्युटर. तीन महिने त्याने व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. रविवारचीही कामं अंगावर घेऊन पैसे जमवले होते. त्याचा हिशोब सरळ होता. मोठं, जड, जागचं हलणार नाही असं मशीन घ्यायचं. मशीन जिथे, तिथे पोरगी. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता, पण त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि पोरगी पावलोपावली आडवी येत होती. तिने यादी स्वतःच्या हाताने लिहून आणली होती. कॅबिनेट हवं होतं छोटं, बुटांच्या खोक्याहून जरा मोठं, वर हँडल असलेलं. त्यात मदरबोर्ड छोटाच बसतो, पॉवर सप्लायही छोटाच, आणि या छोट्या वस्तूंच्या किमती मोठ्या. त्यापायी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरलं होतं.

"अगं माऊ, गेम खेळायचं मशीन आणि कार्डातच काटकसर? हँडल कशाला हवंय? भाजी आणायला जायचंय का त्यातून?"

"मला छोटंच हवंय, बाबा."

कॅबिनेटवर तो नमला. सतरा वर्षांच्या पोरीपुढे बाप नाही नमणार तर कोण नमणार. पण वाय-फायवर तो अडून बसला. तिथे त्याच्या धंद्याचाच प्रश्न होता.

"अहो बाई, केबल ओढणाऱ्याच्या घरात वाय-फाय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

बाई हसल्या. "दादा म्हणतात ते खरं आहे गं. गेमला केबलच बरी, मध्येच अडकत नाही. शिवाय वाचलेल्या चार हजारांत वरचं कार्ड येतंय बघ."

"बघ," तो म्हणाला. त्याला बळ आलं. मग तो बाईंना सांगतच सुटला. भाड्याच्या खोल्यांत गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते केबलचं. तेव्हा शेगडीसुद्धा आली नव्हती, पडदे तर अजूनही नाहीत. पण खिडकीजवळच्या कोपऱ्यात, लेकीच्या टेबलापाशी, घरमालकाची बोलणी खाऊन, भिंतीच्या आतून केबल आणली. टोक बरोबर टेबलाच्या उंचीवर काढलं, पोरीला वाकायला नको.

"हातभर वायर लागते फक्त," तो म्हणाला. "ती पण मी आणून ठेवलीय."

लेक काउंटरवर चिकटलेल्या एका जुन्या स्टिकरचा कोपरा नखाने उचकटत होती.

बाईंनी वाय-फायवाला बोर्ड खोडला, साधा लिहिला. वरचं कार्ड लिहिलं. बेरीज सत्तरच्या आत बसली. केबलवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. गेल्या तीन महिन्यांत तो इतका खूश झाला नव्हता.

"पत्ता सांगा दादा, सामान घरपोच पाठवते."

त्याने तोंड उघडलं.

"आईकडे पाठवा," लेक म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग काउंटरवर काढून ठेवलेल्या छोट्या कॅबिनेटकडे. मग त्याचा चेहरा जरा उजळला.

"अच्छा, म्हणजे दर शनिवारी माझ्याकडे घेऊन येणार तू. हँडल त्यासाठी होय?"

"हँडल हॉस्टेलला न्यायला, बाबा. पुढच्या वर्षी." स्टिकरवरून तिने नजर काढली नाही. "वर्षभर आईकडेच राहील."

बाईंनी यादी उगाचच सरळ केली. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

केबलवाल्याला आयुष्यात एकाच गोष्टीतलं सगळं कळत होतं, ती त्याने घट्ट धरली.

"असू दे. आईकडे तर आईकडे," तो म्हणाला. "पण मग तिथे वाय-फाय कशाला? त्या घरातली सगळी केबल मीच ओढलीय."

"हॉलपर्यंत ओढलीस," लेक शांतपणे म्हणाली. "माझ्या खोलीत येत्या रविवारी ओढतो म्हणाला होतास. तेव्हा मी पाचवीत होते."